तेहतिसावी जागा

इंडियानापोलिसच्या शर्यतीत गाड्या तेहतीसच धावतात आणि तेहतिसावी जागा अजून लॉरेटाच्या मुलाकडे होती. पात्रता चाचणीतली शेवटची गाडी डोरीनच्या मुलाची. त्याच्या चार फेऱ्यांचा सरासरी वेग जास्त निघाला, की लॉरेटाचा मुलगा बाहेर. डोरीनने दरवर्षीसारखं जपमाळेचं दुसरं टोक शेजारी बसलेल्या लॉरेटाच्या हाती दिलं. "तू माझ्या पोरासाठी म्हण, मी तुझ्या. आज लबाडी नको हं." "गप ग," लॉरेटा म्हणाली, पण तिचं बोट पहिल्याच मण्यावर अडलं. तीन फेऱ्या झाल्या. वेग जास्तच होता. चौथीत गाडीचं शेपूट भिंतीकडे सरकलं. "मरियामाते, सांभाळ ग त्याला," लॉरेटाच्या तोंडून निघून गेलं. गाडी सावरली, रेषा ओलांडून गेली. फलकावरून लॉरेटाच्या मुलाचं नाव उतरलं. डोरीनला तिच्याकडे बघवेना. "म्हण की पुढे," लॉरेटा हलकेच म्हणाली आणि तिने बोट दुसऱ्या मण्यावर सरकवलं.