घाटाच्या तोंडाशी

राजूर घाटाच्या तोंडाशी पुढची एसटी थांबली आणि श्रेयसनं ब्रेकवर पाय दिला. गाडी थांबली नाही. थांबल्यासारखं केलं, एवढंच. त्यानं झटक्यात गिअर खाली घेतला, हँडब्रेक ओढला, आणि एसटीच्या मागच्या शिडीपासून हातभर अंतरावर गाडी कशीबशी उभी राहिली. शेजारी शारदाबाईंनी मांडीवरचा डबा घट्ट धरला होता. लाडू मलकापूरच्या बहिणीसाठी होते, म्हणून त्यांनी आधी झाकण पाहिलं आणि मग मुलाकडे.

एसटी निघून गेली तशी श्रेयसनं गाडी कडेला घेतली. घरापासून इथवर दोनदा ब्रेक जरा गुळगुळीत लागले होते. पण ब्रेकचे पॅड नवे, बसायला वेळ घेतात, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती.

ही गाडी म्हणजे त्याचं खूळ. नागपूरहून आणलेली जुनी, बुटकी स्पोर्ट सेडान. कोर्टातली कारकुनी सुटली की हा तिच्या पोटाखाली. इंजिन उघडलं, स्प्रिंग बदलल्या, टायर बदलले. सोमवार ते शनिवार तिनं कचेरी, बाजार आणि आईचा दवाखाना करायचा आणि सुटीत शर्यतीच्या ट्रॅकवर पळायचं. बैलाचं काम आणि घोड्याची दौड, दोन्ही एकाच जनावराकडून. वजन कमी करायला मागची सीट काढून टाक, असं दोस्तांनी सांगितलं होतं. मग आई-मावशी काय टपावर बसतील, म्हणून त्यानं ती ठेवली. येत्या रविवारी कोईमतूरच्या ट्रॅकवर आपापल्या गाड्या मनसोक्त पळवायचा दिवस होता. त्याचा पहिलाच. साऱ्या कोर्टाला त्यानं सांगून ठेवलं होतं.

त्यानं उतरून पुढच्या चाकाच्या आऱ्यांतून आत पाहिलं. ब्रेकची चकती आरशासारखी लख्ख असायची, ती नारिंगी झाली होती. बोट लावलं, तर तेलकट. दुसऱ्या चाकाचीही तीच गत. वास घेतला आणि तो आईकडे वळला.

"आई, चाकाले काही लावलं का तू?"

"हाव. शेंदूर," शारदाबाई म्हणाल्या. वरणात मीठ टाकलं म्हणावं, इतक्या सहज.

सकाळीच त्यांनी मारुतीच्या पुजाऱ्याकडून मागून आणला होता, तेलात कालवलेला. आऱ्यांतून हात घालून दोन्ही चकत्यांना चांगला चोपडला होता, आणि उरलेला डबीत घालून बरोबर घेतला होता. बॉनेटवर स्वस्तिकाचा साथिया त्या दर दसऱ्याला काढत, पण ती आपली शोभा. ह्या वेळी पोरगा इतक्या लांब, इतक्या जोरात गाडी चालवायला निघालेला.

"तूच सांगतलं ना परवा," त्या म्हणाल्या, "गाडी पळते त्याचं काही नाही, थांबली पाह्यजे. माहा सारा जीव या दोन चकत्यावर हाये म्हणे. मंग म्या तिथंच लावला."

श्रेयस रागानं ओरडणारच होता. पण थांबला. चकत्यांचं हे पुराण त्यानं दहा जणांना ऐकवलं होतं, आणि दहाही जणांनी विचारलं होतं, ते ठीक आहे, पळते किती? शब्दन् शब्द ऐकला होता तो एकट्या आईनं. राग गेला, पण वाईट वाटायचं काही थांबेना. घोड्याएवढा बाप्या, पण त्याला रडू येईलसं झालं.

मग त्यानं तिला नीट सांगितलं. ही चकती कोरडीच लागते, पॅड तिला दोन्हीकडून चिमटीत धरतात तेव्हा गाडी थांबते. पॅडमध्ये तेल मुरलं की मुरलं, ते निघत नाही. नवे पुण्याहून यायला आठवडा तरी जाणार.

"म्हणजे ऐतवार गेला तुहा?"

"गेला."

शारदाबाईंनी डबा सीटवर ठेवला. त्या खाली उतरल्या.

काढलेले जुने पॅड नशिबानं डिकीत होते. त्यांवर मलकापूर सावकाश गाठता आलं असतं; ट्रॅकवर मात्र त्यांनी दोन फेऱ्यांत धूर काढला असता. श्रेयसनं जॅक लावून चाक काढलं, चकती ब्रेक साफ करायचा फवारा मारून धुतली, कोरड्या फडक्यानं पुसली आणि जुने पॅड बसवले. नट रस्त्यावर घरंगळायला लागले, तसा शारदाबाईंनी पदर पसरला. एका ट्रकवाल्यानं गाडी हळू करून काही पाहिजे का विचारलं. श्रेयसनं हातानंच नाही म्हटलं. खालून घाटातला गार वारा येत होता, आणि मायलेकांचं काम चाललं होतं. दुसरं चाक बसलं, आणि पदरातले नट एकेक करून त्याच्या हातात येऊ लागले.

शेवटचा नट त्यांनी दिला नाही. हातातच धरून ठेवला.

"तुहा जीव जिथं हाये तिथंच लावला, त घात झाला," त्या म्हणाल्या. "मंग म्या लावू तरी कुठी?"

काच होती, बॉनेट होतं, नंबरप्लेटला लिंबू-मिरची बांधता आली असती. श्रेयसच्या ओठांवर ते सगळं आलंही. पण आईचा चेहरा पाहून त्याला कळलं, की ती रागावलेली नाही आणि रुसलेलीही नाही. ती खरोखरच विचारत होती. हा रविवार हुकला, तरी दोन महिन्यांनी पुढच्या वेळी तो ट्रॅकवर जाणारच होता, आणि ती घरी बसून राहणार होती.

त्यानं काळे झालेले हात पँटला पुसले. बसल्या बसल्याच तिच्याकडे सरकला आणि कपाळ पुढं केलं.

"मले लाव," तो म्हणाला.