डॉज सुरू झाली

किल्ली फिरवताच इंजिन सुरू झालं आणि मैनाबाई ओट्यावरून उठून उभ्या राहिल्या.

गोठ्याशेजारच्या शेडमध्ये अकरा वर्षं पडून राहिलेली त्यांच्या नवऱ्याची, दत्तोबांची डॉज अंगणात धडधडत होती. सगळ्या लोणी काळभोरात अशी आठ सिलिंडरची अमेरिकन गाडी दुसऱ्या कुणाकडे नव्हती. मुलगा सार्थक हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत होता. कामानिमित्त अमेरिकेला गेला, तेव्हा त्याने सुटे भाग धुंडाळून आणले. कात्रजच्या मच्छिंद्र मिस्त्रीने चार महिने खपून इंजिन नवं केलं, ब्रेक बदलले, पॉवर स्टेअरिंग बसवलं. सत्तरीच्या वडिलांना पुन्हा गाडी चालवताना बघायचं, एवढीच सार्थकची हौस.

मैनाबाईंना नेमकं तेच नको होतं. अकरा वर्षांपूर्वी सोलापूर रस्त्यावर दत्तोबांना गाडी चालवतानाच फेफरं आलं. गाडी उसात घुसली म्हणून दोघं वाचली. शुद्धीवर येताच त्यांनी बायकोला बजावलं, कुणाला बोललीस तर जन्मात तुझं तोंड बघणार नाही. डॉक्टरचं नाव काढू दिलं नाही आणि आठवड्याने पुन्हा गाडी काढली. घरातही दोनदा तसंच झालं. शेवटी मैनाबाईंनी बॉनेट उघडून इंजिनातला रोटर नावाचा बोटभर भाग, ज्यावाचून गाडी सुरूच होत नाही, तो काढला आणि विहिरीत टाकला. गावातल्या मिस्त्रीने दुसऱ्या गाडीचा आणून बसवला, तोही दोन दिवसांत विहिरीत गेला. पुढे दत्तोबांनी मिस्त्री बोलवायचंच सोडलं. फेफरं मात्र अजून यायचं, दाराआड, फक्त मैनाबाईंच्या देखत.

आता बॉनेटखाली नुसते काळे डबे आणि तारांचं जाळं होतं. कशाला हात लावायचा, तेही त्यांना उमगेना.

सगळी भावकी अंगणात जमली होती. सार्थकने सहा वर्षांच्या लेकीला, तनुजाला, आजोबांशेजारी बसवलं आणि थेऊरच्या गणपतीला जाऊन या, असं सांगितलं. मैनाबाईंनी सुनेकडे पाहिलं, मिस्त्रीकडे पाहिलं. बोलावं तर चारचौघांत नवऱ्याची अब्रू जाणार. गप्प बसावं तर आत पोर बसलेली.

गाडी हलली. तशा त्या धावल्या आणि खिडकीतून हात घालून त्यांनी स्टेअरिंग घट्ट धरलं.

"ही गाडी बिघडली नव्हती. मी बंद पाडली होती," त्या म्हणाल्या. "ह्यांना फेफरं येतंय."

दत्तोबांनी इंजिन बंद केलं. हा माणूस आता आपल्याशी बोलायचा नाही, असं धरून मैनाबाई मान खाली घालून उभ्या राहिल्या.

"ठाऊक हाय मला," दत्तोबा हळूच म्हणाले. "तू ती बंद पाडलीस, त्या दिसापासनं मला झोप लागाया लागली."