सासुरवाडीला घंटागाडी

अंबाजोगाईच्या घंटागाडीच्या भोंग्यावर करिष्माचा आवाज वाजतो: "ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा!" सारं शहर तिचं ऐकतं. फक्त गाडी चालवणारा तिचा नवरा भागवत घरी सगळं एकाच बादलीत टाकायचा. म्हणून ती रुसून नांदूरघाटला माहेरी गेली. आठवडाभर भागवत बायकोचा आवाज डोक्यावर घेऊन गल्लोगल्ली फिरला आणि रविवारी घंटागाडीच घेऊन सासुरवाडीला पोचला. भोंगा ऐकून शेजारणी बादल्या घेऊन धावल्या. "जावईबापू, लोक पेढे आणतेत," सासरे म्हणाले. भागवतनं घरच्या दोन बादल्या करिष्मापुढं ठेवल्या. तिनं सुक्या कचऱ्याच्या बादलीत हात घातला. "चहापत्ती सुक्यात कावून?" "गच्चीवर वाळू घातलती." तिनं चोळून पाहिली. कोरडी होती. करिष्मा कपड्यांची पिशवी घेऊन आली, गाडीत बसली आणि भोंगा बंद केला. "कावून?" भागवतनं विचारलं. "आता मी हाय की."