मागचे दोन टायर

गोमटेशने जुना टायर उजेडात धरला आणि त्यात रुतलेले बाभळीचे काटे मोजायला लागला. सत्तावीसपर्यंत मोजून त्याने नाद सोडला. कवठे महांकाळच्या स्टँडाजवळ बारा वर्षं टायर विकून त्याला एक खोड लागली होती, टायर बघून माणूस ओळखायची. मधोमध झिजलेला दिसला की मालक हवा ठासून भरणारा, कडेने झिजलेला दिसला की हवेकडे ढुंकूनही न बघणारा. या टायरने मात्र त्याला कोड्यात टाकलं. झीज म्हणाल तर फारशी नाही, आणि काटे असे की गाडी रस्ता सोडून रानातनंच फिरत असावी.

"गाडी चालवता कुठं, पाहुणं?"

"मेंढरांमागं," टायर बदलायला आलेला धनाजी म्हणाला.

गोमटेशला आधी चेष्टाच वाटली. पण धनाजी चेष्टा करणाऱ्यातला दिसत नव्हता. दिवाळी झाली की त्यांचा कळप कृष्णाकाठाला चरायला निघायचा, तो पावसाच्या तोंडावर परत यायचा. पूर्वी बिऱ्हाड घोड्यावर असायचं. दोन वर्षांपासून ही जुनी छोटी गाडी मागून जात होती. तिच्यात भांडीकुंडी, वाटेत जन्मलेली कोकरं आणि धनाजीची आई हरणाबाई, कारण तिचे गुडघे गेले होते. स्पीड किती ठेवता, असं गोमटेशने विचारलं. मेंढरं चालतात तेवढा, असं उत्तर आलं. भिंतीवरच्या तक्त्यात असल्या स्पीडचा टायर नव्हता.

"दोनच टाका. स्वस्तातलं बघा," धनाजी म्हणाला, आणि आवाज खाली आणून पुढचं सांगितलं. यंदा आईला घरीच ठेवायचं ठरवलं होतं. गेल्या साली रानात ती चार दिवस तापाने पडली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो धसका पुन्हा नको. मागची सीट काढून तिथं कोकरं बसवणार होता. हे कानावर गेल्यापासून आई तीन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. आज मात्र कुणी न बोलावता येऊन गाडीत बसली होती.

गोमटेशने दुकानाबाहेरच्या बाकड्याकडे नजर टाकली. गाडीतून उतरलेली हरणाबाई तिथं काठीवर हनुवटी टेकून रस्त्यावरची गर्दी बघत होती.

स्टेपनीची हवा तपासायला म्हणून त्याने डिकी उघडली, तर आत एक गाठोडं, घडी घातलेलं घोंगडं आणि पितळी तांब्या. त्याने धनाजीकडे पाहिलं. धनाजीने आईकडे पाहिलं. हरणाबाईने रस्त्यावरची नजर काही काढली नाही.

धनाजीने डिकी लावली आणि दाराशी टांगलेल्या टायरच्या जोडीकडे बोट केलं. गोमटेशने ती खाली काढली. अजून रस्त्याला टेकलेली नाही, काळी कुळकुळीत आहे आणि भावात बरीच सूट मिळेल, असं तो सांगत होता, तेवढ्यात हरणाबाई काठी टेकत आत आली.

"ह्याचं दात कुठं बघायचं?"

गोमटेश हसला. मग त्याच्या लक्षात आलं की मेंढी घेताना ही माणसं आधी दात बघून वय काढतात. त्याने टायरच्या कडेला असलेले चार आकडे दाखवले. पहिले दोन टायर बनला त्या आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे.

"म्हंजे ह्यो किती वर्साचा?"

"चार झाली, आजी."

"आन चाललाय किती?"

"एक पाऊल न्हाई. हितंच टांगलेला हाय."

हरणाबाईने टायरच्या कडेखाली अंगठा घातला आणि मेंढीचा ओठ उचलावा तशी ती कड वाकवली. रबरात केसाएवढ्या बारीक चिरा उघडल्या.

"मग ह्या कशानं पडल्या?"

ऊन लागलं, धूळ बसली, असं काहीही सांगून गोमटेशला वेळ मारून नेता आली असती. पडून राहिलेला माल खपवायचा तर दुकानदाराला तेवढं यावं लागतं. पण म्हातारी इतक्या कुतूहलाने बघत होती की त्याच्याने खोटं बोलवेना.

"नुसतं टांगून ठिवल्यानं, आजी. फिरतं रबर मऊ ऱ्हातं. जागेवर ऱ्हायलं की चिरतं."

हरणाबाईने टायर सोडला. ती परत बाकड्यावर जाऊन बसली. जाताना गुडघ्यांनी तिला दोनदा थांबवलं, तरी तिने कुणाचा हात धरला नाही.

धनाजी टायरपाशी उकिडवा बसला. त्याने तिथंच अंगठा घातला, कड वाकवली आणि बराच वेळ त्या चिरा बघत राहिला. मग उठून यंदाच्या सालाचा माल दाखवा म्हणाला. भाव ऐकून त्याने एक सुस्कारा टाकला, पण माघार घेतली नाही.

गोमटेशने नवी जोडी आणली, आकडे आधी धनाजीला दाखवले आणि जॅक हातात घेतला.

"दोनच हायत, तर पुढं लावू का मागं? मागं वजन काय असतंय?"

धनाजीने डिकीवर हात ठेवला.

"मागं लावा," तो म्हणाला. "मागं आय बसती."

गोमटेश खाली वाकला. तेवढ्यात बाकड्यावरून आवाज आला.

"हवा बेतानं भर, बाबा. मांडीवर कोकरं असत्यात."