फुकट्यांनो!!

ऋजुताचा लॅपटॉप ऑफिसात शहाण्यासारखा वागायचा, पण घरी वायफाय शोधायला लागला की धाडकन बंद पडायचा. कर्नलमधला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातला, तो कोड तिनेच लिहिला होता आणि शुक्रवारी तो जगभर जाणार होता.

गुरुवारी दुपारी घरी तिला चूक सापडली. बंद पडण्याआधी दर वेळी वायफायच्या यादीत शेवटचं नाव दिसायचं ते "फुकट्यांनो!!" नावासाठी जागा बत्तीस बाइटची. देवनागरीतल्या एकेका चिन्हाला तीन बाइट लागत असल्याने हे नाव ती काठोकाठ भरायचं आणि तिचा कोड त्याच्याही पुढे एक पाऊल टाकून कोसळायचा.

ते वायफाय खालच्या मजल्यावरच्या खानोलकरकाकांचं; ती धावत त्यांच्याकडे गेली. तिला बघताच काका ओशाळले. "बदलतो गं नाव. तुला उद्देशून नव्हतं ते."

"नको काका! माझी दुरुस्ती तपासून होईपर्यंत त्यातलं एक उद्गारचिन्हसुद्धा काढू नका!"

संध्याकाळी लॅपटॉप सुरळीत चालला. दोष कोणामुळे सापडला, हे दुरुस्तीच्या नोंदीत लिहायची पद्धत असते. ऋजुताने आनंदाने काकांचं नाव घातलं.

काकांनी त्या नोंदीची प्रिंट लिफ्टमध्ये चिकटवली आणि खाली पेनाने लिहिलं, "सर्व सभासदांनी आपापले पासवर्ड मला तपासायला आणून द्यावेत."