अख्खा फोटो

“सात नंबर, भाविका,” मासळी बाजार संस्थेच्या चेअरमन चांगदेवनी नव्या जागांच्या यादीतून वाचलं आणि सभेकडे न बघताच पुढच्या नावावर बोट नेलं.

पडद्यावर भाविकाचा चौकोनी फोटो होता. चेहरा हसरा, मागे मासळी बाजाराच्या खांबावर सातचा आकडा. भाविका चेअरमनची सून. बाजारावरून जाताना नाकाला ओढणी लावायची.

सातच्या कट्ट्यावर चाळीस वर्षं बायजाकाकी बसत होती. तिच्याआधी तिची सासू. इथे जागा सासूकडून सुनेला मिळायची, मासे कापायच्या कोयतीसकट; कागद कुणाकडेच नसे. बाजार नवा बांधायला काढला तेव्हा संस्थेने नियम केला: पाडण्याआधी कट्ट्यावर बसल्याचा फोटो साइटवर टाकायचा. जिचा फोटो, तिची जागा. बायजाकाकीने फोटो काढूच दिला नाही. “चालीस वरसां हितं बसताव. मना वलखायला फोटू कशाला?” तिचा ताठा राहिला, मुदत गेली.

सभेत लॅपटॉपपाशी अमिता होती. साइट तिनेच केलेली. अर्ज भरताना फोटोवर चौकट ओढायची. चौकटीत येईल तेवढंच सगळ्यांना दिसायचं. सीवूड्सच्या ऑफिसात तिचा वरिष्ठ शिवतेज म्हणाला होता, कापलेला चौकोन फोल्डरमध्ये ठेव, डेटाबेसमध्ये फक्त त्याचं नाव लिही, बाकीचा फोटो टाकून दे. चेअरमननीही मान डोलावली होती. सर्व्हरचं भाडं वाचेल म्हणे. अमिताने दोघांचं ऐकून घेतलं आणि आलेला प्रत्येक फोटो अख्खाच्या अख्खा डेटाबेसमध्ये, ज्याच्या त्याच्या अर्जाला चिकटवून ठेवला.

“डेटाबेस म्हणजे कोल्ड स्टोरेज वाटलं का तुला?” शिवतेजने टोमणा मारला होता.

“मासा अख्खाच घ्यायचा असतो. कल्ले बघितल्याशिवाय ताजा की शिळा कसं कळणार?”

आता चेअरमननी विचारलं, कुणाची हरकत? विचारायची रीत म्हणून विचारलं. बायजाकाकी उठली. “माजी हाय.”

“मग फोटो दाखव,” चेअरमन म्हणाले. पुढच्या रांगेतले हसले. जागा मिळालेले जरा जास्तच.

अमिता म्हणाली, “काका, भाविकावहिनींचा मूळ फोटो बघू या.”

चेअरमन म्हणाले, दिसतोय तेवढा पुरे. मग आवाज खाली आणून, “लॅपटॉप बंद कर, अमिता. संस्थेचं काम आहे, पुढचंही तुलाच द्यायचंय.”

“नाही करणार,” ती म्हणाली आणि क्लिक केलं.

फोटो जड होता. वरून खाली, सावकाश उतरू लागला. आधी पत्रे. मग खांबावरचा सात. मग भाविकाचं हसू. इथे चौकट संपत होती. फोटो संपत नव्हता. खाली भाविकाचे हात आले, हातांत तोंड उघडून धरलेली कापडी पिशवी आली. ती उभी होती, कट्ट्याच्या अलीकडे, गिऱ्हाइकाच्या बाजूला.

पलीकडे कट्ट्यावर मांडी घालून, कोयती बाजूला ठेवून, बायजाकाकी त्या पिशवीत बोंबील टाकत होती.

बायजाकाकी पडद्याजवळ गेली, स्वतःला नीट न्याहाळलं आणि फोटोखालची ओळ अमिताला वाचायला लावली.

अमिताने मोठ्याने वाचली. फोटो अपलोड करणारे: चांगदेव, चेअरमन. मुदतीच्या दोन दिवस आधी.