मंत्र्याच्या मांडीवरचं जावळ

दिल्लीतलं सरकार पडलं तेव्हा मोहिनीच्या मांडीवर तिचा लेक राम तापानं फणफणत होता, आणि तिला हायसं वाटलं.

सोप्यात टीव्हीपुढं बसलेली माणसं एकेक करून उठली. परवापरवा हीच माणसं फटाके घेऊन आली होती. एकजण चपला शोधता शोधता तिच्या सासऱ्यांना म्हणाला, "लिंबाजीराव, आमची हळद वाळायच्या आत तुमचं सरकार वाळलं की हो!" कुणी हसलं नाही. लिंबाजीनं टीव्ही बंद केला आणि त्यावर धोतराचं पान टाकलं. मेलेल्या माणसावर टाकतात तसं.

मोहिनीच्या मनात एकच होतं. आता वस्तरा फिरेल.

निवडणुकीच्या वेळी लिंबाजी औंढ्याच्या नागनाथाला नवस बोलून बसला होता. आपले साहेब दिल्लीत मंत्री झाले, तर नातवाचं पहिलं जावळ मंत्र्याच्या मांडीवर, तुझ्या पायरीवर काढीन. उभी हयात त्यानं साहेबांच्या जीपमागं घालवली होती. मांडीचा मान मामाचा, तो साहेबांना दिला म्हणून मोहिनीचा भाऊ रुसला. पण लिंबाजीपुढं कुणाचं चाललं नाही. साहेब निवडून आले. मंत्रीही झाले. मात्र बहुमत सिद्ध होईस्तोवर त्यांना दिल्ली सोडता येईना. आणि इकडं भर उन्हाळ्यात रामच्या डोक्यात, दाट केसांच्या आत, गळू धरलं. आधी हरभऱ्याएवढं, मग लिंबाएवढं. जवळच्या गोरेगावच्या डॉक्टरांनी चाचपून सांगितलं, केस काढल्याशिवाय चीर देता येत नाही. आणि उशीर केलात तर विष अंगात भिनेल.

"चार बोटं जागा तरी भादरू द्या, मामंजी," मोहिनीनं हातापाया पडून सांगितलं होतं.

"अर्धा नवस कोणचा देव घेतो, बाई?"

नवऱ्यानं, प्रभूनं, मान खाली घातली. सासूनं कडुलिंबाचा पाला वाटून लावला. मोहिनी लेकराचा श्वास ऐकत बसून राहायची. सरकार टिकावं म्हणून घरात देवापुढं दिवा लागत होता. ते पडावं म्हणून ती त्याच दिव्यापुढं हात जोडायची.

आता ते पडलं होतं. तेवढ्यात फोन वाजला. साहेबच होते. फोनवर ते नेहमी सभेत बोलावं तसे बोलत, म्हणून मोहिनीलाही शब्द न् शब्द ऐकू आला. आता मोकळाच झालो लिंबाजी, परवा येतो औंढ्याला, लेकराला घेऊन ये.

मोहिनी उठून उभीच राहिली.

"न्हाई साहेब," लिंबाजी म्हणाला. "नवस मंत्र्याचा बोललोय. पुन्यांदा मंत्री व्हा, मंग या. तवर जावळ ऱ्हाईल तसंच."

सासऱ्यांपुढं मोहिनीचा आवाज कधी चढला नव्हता. आज तो कुठून आला, तिलाही कळलं नाही.

"साहेब अजून मंत्रीच हाईत, मामंजी! राजीनामा दिला तरी नवे मंत्री शपथ घेईस्तोवर जुनेच कारभार बघतेत. कॉलेजात शिकलेय मी. पुसा त्यायला. खोटं असंल तर मला माहेरी धाडा."

लिंबाजीनं विचारलं. मग लिंबाजीची मान हळूहळू हलली.

"बराबर हाय म्हणतेत," तो म्हणाला. "परवा सकाळी."

ते दोन दिवस त्यानं टीव्ही लावू दिला नाही. पेपरही उघडला नाही.

औंढ्याला साहेब कुणाच्या तरी जीपमधून आले. पुढं पोलीस नाही, मागं माणसं नाहीत. प्रवासात चुरगळलेले कपडे तसेच अंगावर. ते पायरीवर बसले आणि राम त्यांच्या मांडीवर गेला. तिथून थेट हिंगोलीच्या दवाखान्यात जायचं, असं मोहिनीनं प्रभूकडून वदवून घेतलं होतं. लेकरू आता रडत नव्हतं. तिला त्याचीच जास्त धास्ती होती.

न्हाव्यानं केस भिजवले. वस्तरा उचलला. लिंबाजीनं त्याचं मनगट धरलं.

"थांब रे. साहेब, देवाच्या दारात हावोत. अजून मंत्री हाव ना तुमी? लेकराच्या डोक्यावर हात ठिऊन सांगा, म्हंजी माझ्या जिवाला घोर न्हाई."

पहाटे चुलीपाशी मोहिनीनं एकटीनंच ट्रान्झिस्टरवर बातम्या ऐकल्या होत्या. दिल्लीत नव्या मंत्र्यांनी काल शपथ घेतली होती. ऐकून तिनं त्यातले सेल काढले आणि पिठाच्या डब्यात पुरले. साहेबांना तर ठाऊक असणारच.

साहेबांनी हात उचलला. तो रामच्या डोक्यावर अधांतरी थांबला. त्यांनी मोहिनीकडं पाहिलं, आणि हिलाही ठाऊक आहे, हे त्यांना कळलं. जन्मभर व्यासपीठावरून आश्वासनं देणाऱ्या त्या माणसानं बोटं मिटून घेतली. पोराच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोललं की पोर जगत नाही, हे तिथं कुणाला सांगावं लागत नव्हतं. हात मागं जाऊ लागला.

मोहिनी पुढं झाली. तिनं साहेबांचं मनगट धरलं आणि त्यांचा हात आपल्या लेकराच्या डोक्यावर दाबून ठेवला.

"सांगा," ती म्हणाली.